ऊनो बोर्ड की नुसती चिप?
भाऊ, कपाशीतला ओलावा मोजणारं यंत्र बॅटरीवर वर्षभर चालवायचं असेल, तर आर्डुइनो ऊनो बोर्ड (प्रोग्राम टाकून यंत्रं चालवायचा तयार सर्किट बोर्ड) टेबलावरच ठेवा, वावरात नुसती त्याची मुख्य चिप, अ‍ॅटमेगा३२८पी, लावा. बोर्डावरची ही चिप झोपली (काम नसताना जवळपास बंद झाली) तरी युएसबीची चिप, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) अन् हिरवा दिवा करंट खातच राहतात. नुसती चिप झोपेत, वॉचडॉग (ठरल्या वेळी तिला जागं करणारं आतलं घड्याळ) चालू ठेवूनही, ३ व्होल्टला जेमतेम ४ मायक्रोअँपिअर घेते.

एक लक्षात ठेवा. कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते, ऊनो १६ वर. मी फ्यूज (वेग वगैरे ठरवणारी चिपमधली सेटिंग) न बदलता प्रोग्राम टाकला, तर सेकंदाला लुकलुकणारा दिवा सोळा सेकंदांनी लागायला लागला! चिप खराब म्हणून फेकणारच होतो. अन् घेताना शेवटचा ‘पी’ बघाच. बिनपीच्या चिपची सिग्नेचर (ओळख क्रमांक) वेगळी, प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम टाकणारं यंत्र) अडतो.