आयपायथॉन घ्यावं की पायथॉनचा साधा शेलच बरा?

गोदाकाठ, नांदेड
महसूल मंडळांच्या पावसाच्या सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या मजकूर फाइली) हाताळणाऱ्यांनी साधा शेल (पायथॉनची एकेक ओळ टाइप करून लगेच चालवायची खिडकी) सोडून आयपायथॉन, म्हणजे त्याचाच जास्त सोयींचा प्रकार, घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये ते याच पद्धतीच्या कामासाठी सुरू केलं: थोडं चालवा, बघा, पुढचं ठरवा.

अतिवृष्टीची मंडळं काढायला 'पाऊस' स्तंभावर ६५ मि.मी.ची अट लावली की बऱ्याचदा टाइपएरर (मजकूर नि आकडा जुळत नसल्याची चूक) येतो. एखाद्या मंडळापुढे आकड्याऐवजी 'निरंक' (पाऊस शून्य) असतं आणि त्यापायी सगळा स्तंभ मजकूर ठरतो. इथे %डीबग द्या, म्हणजे चूक झाली त्या जागी नेणारी आज्ञा (% ने सुरू होणाऱ्या आज्ञा आयपायथॉनच्या). आधी पांडाजच्या (तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीच्या) पोटातल्या ओळी दिसतील. 'यू' देत वर आलात की तुमची ओळ सापडते आणि तिथले व्हेरिएबल तपासता येतात. दुरुस्तीत आधी निरंकच्या जागी ० भरा, मगच टू_न्यूमरिकने स्तंभाचे आकडे करा. त्याला थेट 'कोअर्स' (आकडा होत नाही ते रिकामं करायचा पर्याय) लावलं तर निरंक आणि नोंदच नसलेली रिकामी चौकट दोन्ही एनएएन (सरासरीत न धरली जाणारी रिकामी किंमत) होतात, नि सरासरी उगीच फुगते.

शिवाय फंक्शनपुढे ? टाकलं की माहिती, ?? टाकलं की मूळ कोड. नेट गेलेलं असलं तरी चालतं.

बालाघाट, बीड
निरंकचं पटलं. पण तेवढ्यासाठी वेगळं काही बसवायची गरज नाही भाऊ. साध्या शेलमध्ये एरर आल्यावर पीडीबी (चूक शोधायचं पायथॉनमधलंच साधन) इम्पोर्ट करून पीडीबी.पीएम() द्या, त्याच जागी पोचता. ऑक्टोबर २०२४ च्या पायथॉन ३.१३ पासून तर साध्या शेलमध्येही रंग आहेत, अनेक ओळी एकदम दुरुस्त करता येतात, एफ३ दाबून कोड पेस्ट होतो.

माझा खरा आक्षेप मेमरीवर आहे. आयपायथॉन प्रत्येक निकाल 'आउट' नावाच्या साठ्यात धरून ठेवतं, मुळात १००० पर्यंत. मोठा तक्ता नुसता बघायला म्हणून नाव टाकून एंटर मारलं, की नंतर डेलने ते नाव पुसूनही मेमरी सुटत नाही. ४ जीबीच्या मशीनवर हे जड जातं. साधा शेल फक्त शेवटचा निकाल _ मध्ये ठेवतो.

गोदाकाठ, नांदेड
मग हा साठा बंद ठेवायला --कॅश-साइझ=० देऊन सुरू करा. चालू सत्रात तो रिकामा करायला %रीसेट आउट आहेच. पाच हजार ओळींच्या फाइलला तर तेही लागत नाही.

मांजरा, लातूर
शिकवणाऱ्यांच्या बाजूने सांगते. मुलं वर-खाली बाण मारत ओळी पुन्हा चालवतात, जुनं व्हेरिएबल जिवंत राहतं आणि चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. त्यामुळे पहिले काही आठवडे फाइल लिहा, टर्मिनलवरून चालवा, एवढंच असावं.

गोदाकाठ, नांदेड
मॅडम, %रन (आयपायथॉनमधून फाइल चालवायची आज्ञा) फाइलला कोरी जागा देतं. -आय लावल्याशिवाय शेलमधलं व्हेरिएबल तिला दिसत नाही.

मांजरा, लातूर
फाइलपुरतं खरं आहे, सर. पण तिने इम्पोर्ट केलेलं दुसरं मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) एकदा आत आलं की तसंच राहतं. ते बदलून पुन्हा %रन केलं तरी जुनाच कोड चालतो. %ऑटोरीलोड २ (बदललेली मॉड्यूल आपोआप पुन्हा आत आणणं) हा उपाय आहे, पण सी भाषेतल्या मॉड्यूलवर तो चालत नाही. हे सगळं नवख्या मुलाला कधी सांगायचं?

खाम, संभाजीनगर
वाद चालू द्या, पण नेट नसलेल्या लॅबसाठी एक सांगतो. नेट असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड' (पायथॉनची पॅकेजं उतरवायची आज्ञा) देऊन आयपायथॉन उतरवा, ते फोल्डर पेनड्राइव्हवर न्या आणि --नो-इंडेक्स, --फाइंड-लिंक्स देऊन बसवा. दोन्हीकडे पायथॉनची आवृत्ती नि ऑपरेटिंग सिस्टिम एकच हवी. लिनक्सवर उतरवलेल्या फोल्डरमध्ये कलरामा (टर्मिनलमधल्या रंगांचं पॅकेज) येत नाही. विंडोजला ते लागतं, आणि तिथेच इन्स्टॉल अडकतं.

बालाघाट, बीड
आणखी एक. आयपायथॉनमध्ये केलेलं काम %सेव्हने फाइलमध्ये उतरवलं, तर % च्या ओळींच्या जागी गेट_आयपायथॉन() येतं. ती फाइल दुसऱ्याने साध्या पायथॉनवर चालवली की नेमएरर (नाव ओळखीचं नसल्याची चूक). दुसऱ्याच्या हाती द्यायची फाइल असेल तर आधी त्या ओळी काढा आणि साध्या पायथॉनवर एकदा चालवून बघा.