मुलांच्या पाठीवर कुणाचं नाव चालेल?

संध्याकाळचा कोच (धागाकर्ता)

बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या कोर्टवर मी रोज संध्याकाळी सहा ते साडेसात मुलांना बास्केटबॉल शिकवतो. फी घेत नाही, बॉल आणि जाळ्या वर्गणीतून येतात. बारा ते सोळा वयाची वीसेक मुलंमुली आहेत, निम्मी मराठी, निम्मी गुजराती. गेल्या मंगळवारी एक मुलगा जा मोरांटची १२ नंबरची जर्सी घालून आला. मामाने वाढदिवसाला दिलेली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापासून ही इथे घालायची नाही. बुधवारी तो आला नाही. गुरुवारी त्याची आई आली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "एमां मारा छोकरानो शुं वांक?" यात माझ्या मुलाचा काय दोष?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोरांट तेव्हा एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये मेम्फिस ग्रिझलीज संघाचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू. मार्च २०२३ मध्ये डेन्व्हरजवळच्या एका नाइट क्लबमधून इन्स्टाग्राम लाइव्ह करताना त्याने हातातली बंदूक दाखवली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, पण एनबीएने आठ सामने बाहेर बसवलं. त्याने माफी मागितली, समुपदेशन घेतलं, परत आला. आणि मे महिन्यात पुन्हा तेच, या वेळी गाडीत. मग २५ सामने, बिनपगारी.

एकदा झालं तर चूक म्हणता येईल. माफी मागून दोन महिन्यांत दुसऱ्यांदा करणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. खेळाडू घरात कसा राहतो हे मी विचारायला जात नाही. हे त्याने कॅमेऱ्यासमोर केलं आणि बघणाऱ्यांत अशीच पोरं होती. माझ्या कोर्टवर ते नाव मिरवलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. चूक वाटत असेल तर का, ते सांगा. "जाऊ द्या हो" म्हणू नका.

बारा नंबर

सर, मी तुमच्याच हाताखाली लेअप शिकलो, म्हणून स्पष्ट लिहितो. शिक्षा मोरांटला झाली नाही, त्या पोराला झाली. मोरांटला लीगने जी द्यायची ती दिली, त्याने ती भोगली. आपल्याकडे २० डिसेंबर २०२३ ची सकाळ होती, तो परतला तो सामना मी कॉलेज बुडवून बघितला. न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ३४ गुण आणि शेवटच्या क्षणी जिंकून देणारी बास्केटही त्याचीच. शिक्षा भोगून माणूस परत कसा उभा राहतो, हे मुलांनी बघायचंच नाही का?

आणि आदर्शाचं ओझं खेळाडूवर का टाकता? एनबीएचा तेव्हाचा स्टार चार्ल्स बार्कलीने १९९३ मध्येच नायकेच्या जाहिरातीत सांगितलं होतं की मी कुणाचा आदर्श नाही, मला उडी घेऊन बॉल जाळीत कोंबता येतो म्हणून तुमची मुलं मी वाढवायची असं होत नाही, ते काम आईबापांचं.

मांजलपूर पालक

कोचशी शंभर टक्के सहमत.

आणि बार्कलीचा दाखला देताना पुढचंमागचंही सांग. १९९१ मध्ये शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर तो थुंकायला गेला आणि ती थुंकी आठ वर्षांच्या मुलीवर पडली. दहा हजार डॉलर दंड आणि एका सामन्याची बंदी. त्याने नंतर मनापासून माफी मागितली, हे मान्य. पण दोनच वर्षांनी तोच माणूस ज्या कंपनीच्या जाहिरातीत "मी आदर्श नाही" म्हणतो, ती कंपनी त्याच्या नावाचे बूट कुणाला विकते? पोरांनाच ना? बूट पोरांना विकायचे आणि जबाबदारी आईबापांवर ढकलायची, हे मला पटत नाही. त्याच वर्षी एनबीएतल्याच कार्ल मलोनने जाहीर उत्तर दिलं होतं की आदर्श व्हायचं की नाही हे आपल्या हातात नसतं, लोकच आपल्याला निवडतात. चांगला व्हायचं की वाईट, एवढंच आपल्या हातात.

माझा मुलगाही तिथेच खेळतो. कोचने नियम केला तर मी पाठीशी आहे.

रावपुऱ्याची लेक

मी २०१२ ते २०१५ या कोर्टवर खेळले. तेव्हा आम्ही तीनच मुली होतो आणि सरांनी आम्हाला कधी कमी लेखलं नाही, हे आधी सांगते. म्हणूनच हे सरांना विचारावंसं वाटतं.

बॉल ठेवायच्या खोलीत कपाटावर एनबीएच्या कोबी ब्रायंटचं पोस्टर आहे. माझ्या वेळी होतं, मागच्या गणपतीत आले तेव्हाही होतं. तुम्ही मुलांना त्याच्या पहाटे चार वाजताच्या सरावाच्या गोष्टी सांगता.

जुलै २००३ मध्ये कोलोरॅडोत एका हॉटेलातल्या १९ वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. सप्टेंबर २००४ मध्ये तिने साक्ष द्यायला नकार दिल्यावर सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. त्या दिवशी ब्रायंटच्या नावाने जे निवेदन वाचलं गेलं त्यात म्हटलं होतं की ते परस्परसंमतीने झालं असं मला मनापासून वाटतं, पण तिला तसं वाटलं नव्हतं हे आता मला कळतं. मार्च २००५ मध्ये दिवाणी दावा तडजोडीने मिटला. मॅकडॉनल्ड्स आणि न्यूटेलाने साथ सोडली, नायकेने सोडली नाही. त्याने जर्सीचा आठ नंबर सोडून चोवीस घेतला, २००८ मध्ये मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि जगाला उरलं ते पहाटे चारचं.

मोरांटच्या बंदुकीने कुणाला ओरखडाही आला नाही. त्याची जर्सी उतरवायला लावलीत. मग हे पोस्टर का राहिलं? मला वाटतं, कारण बंदूक आपल्याला दिसली. ती मुलगी कुणाला दिसली नाही. त्या वर्षभरात तिचं नाव फुटलं, तिला धमक्या आल्या, तिच्या आयुष्याची चिरफाड झाली. ती साक्ष द्यायला का उभी राहिली नाही, हे समजायला मला कष्ट पडत नाहीत.

संध्याकाळचा कोच

ताई, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. खटला मागे घेतला गेला, दोष सिद्ध झाला नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आणि त्याच्या जाण्यानंतर तर त्या पोस्टरकडे बघायची नजरच बदलली. २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टरमध्ये तो आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी गेली. ती खेळायची, तो तिच्या संघाला शिकवायचा. मुलींच्या खेळासाठी शेवटच्या वर्षांत त्याने केलं तेवढं थोड्यांनी केलं. हे कुठे ठेवू?

रावपुऱ्याची लेक

तेही ठेवा ना. दोन्ही खरं आहे. फक्त एकच भिंतीवर आणि दुसरं कुणाच्याच तोंडी नाही, असं नको.

काळा कोट

न्यायमंदिरात बरीच वर्षं घालवली, त्या जोरावर थोडं. खटला मागे घेणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे, आणि दोषी ठरणं तर नव्हेच. कोर्टाला माणसाला तुरुंगात टाकायचं असतं म्हणून पुरावा वाजवी शंकेच्या पलीकडचा लागतो. भिंतीवर कुणाचं चित्र लावायचं याला तेवढा पुरावा लागत नाही, पण म्हणून आपण गावभर निवाडे देत सुटावं असंही नाही. रावपुऱ्याच्या ताईंनी निवेदनाचा मजकूर सांगितला ते बरं केलं. तेवढंच आपल्याला ठामपणे माहीत आहे. त्यापुढे मी जाणार नाही.

मांजलपूर पालक

विषय जर्सीचा होता. गेलेल्या माणसाला मध्ये का ओढता? असं खणत गेलो तर एकही नाव उरणार नाही. मुलांना कुणाचं तरी वेड लागतंच, त्या वेडातूनच ती घाम गाळतात.

बारा नंबर

उरणार नाही तर नको उरू दे काका, पण मोजमाप एक ठेवा. मला लीगचीच मापं कळत नाहीत. शार्लट संघाचा माइल्स ब्रिजेस, स्वतःच्या मुलांच्या आईला मारहाण केल्याच्या गुन्ह्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने आरोपाला आव्हान दिलं नाही, तुरुंगाऐवजी तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे देखरेख. लीगने बंदी घातली ३० सामन्यांची आणि त्यातले २० आधीच भोगले असं धरलं. राहिले दहा. मोरांटला पंचवीस. आणि जॉन्टे पोर्टरने सट्टेबाजांना आपल्या दुखापतीची आतली खबर दिली, आजारी असल्याचं सांगून सामना अर्ध्यावर सोडला, त्याला एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बंदी. सट्ट्याने लीगच्या धंद्याचा विश्वास जातो. बाईला मारल्याने तिकिटं कमी खपत नाहीत. हेच माप आहे ना?

मालकांचं तर आणखी पुढचं. क्लिपर्स संघाचा तेव्हाचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग. घरं भाड्याने देताना कृष्णवर्णीयांना डावलल्याचा दावा त्याने २००९ मध्ये सुमारे २७ लाख डॉलर भरून मिटवला, तेव्हा लीग गप्प. एप्रिल २०१४ मध्ये त्याच्या वर्णद्वेषी बोलण्याची ध्वनिफीत बाहेर आली, जाहिरातदार पळाले, आणि चार दिवसांत आजन्म बंदी. लोकांची घरं नाकारली तेव्हा चाललं, आवाज ऐकू आला तेव्हा चाललं नाही.

काळा कोट

ब्रिजेसच्या बाबतीत एक दुरुस्ती. तो २०२२-२३ चा पूर्ण मोसम करार नसल्याने बाहेर होता, म्हणून वीस वजा झाले. म्हणजे प्रत्यक्षात ८२ सामने गेले. तरी करार न मिळणं आणि शिक्षा होणं यात फरक आहे, तुझा मुद्दा त्यामुळे पडत नाही. स्टर्लिंगबद्दल पूर्ण सहमत.

गेंडी गेट

एवढं अमेरिकेत कशाला जायचं? आपल्या गावचा क्रिकेटपटू हार्दिक पांड्या घ्या. जानेवारी २०१९ मध्ये टीव्हीच्या गप्पांच्या कार्यक्रमात बायकांबद्दल जे बोलला, ते ऐकून माझी आई उठून आत गेली होती. त्याला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत पाठवलं, पुढे क्रिकेट मंडळाच्या लोकपालाने २० लाख दंड केला: दहा लाख शहीद जवानांच्या पत्नींना, दहा लाख अंध क्रिकेटला. ही शिक्षा मला आवडली, कुणाच्या तरी उपयोगी पडली. २०२४ मध्ये आयपीएलमध्ये मुंबईची कप्तानी घेतली म्हणून वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली, आणि ती हुर्यो २०१९ पेक्षा कितीतरी मोठी होती. रोहितची जागा घेतली हा काय गुन्हा झाला? जूनमध्ये बार्बाडोसला शेवटचं षटक टाकून विश्वचषक आणला, जुलैत आपण सगळे त्याच्या मिरवणुकीत रस्त्यावर. मीही होतो, पोराला खांद्यावर घेऊन. आणि त्याच आठवड्यात घटस्फोट जाहीर झाला, तर खंडेराव मार्केटात भाजी निवडताना बायका त्याच्या बायकोचा हिशेब मांडत होत्या.

काळा कोट

त्या शेवटच्या गोष्टीचं मला बडोदेकर म्हणून वाईट वाटलं. सयाजीरावांच्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये झाला. देशभराचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी, १९५५ मध्ये आला. दोन माणसांचं जमत नाही ही त्यांची खासगी गोष्ट, हे ज्या गावाने इतक्या आधी मान्य केलं, तिथे अशी पंचायत बसावी?

निवृत्त लॅबवाला

मी १९९१ साली एका रक्तपेढीत कामाला होतो. ७ नोव्हेंबरला एनबीएचा स्टार मॅजिक जॉन्सनने एचआयव्ही असल्याचं जाहीर करून निवृत्ती घेतली. आमच्याकडे तेव्हा लोक विचारायचे, डास चावून होतो का, शेजारी बसून होतो का. "वागला असेल तसा, भोगतोय आता" हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो ऑल-स्टार सामना खेळला, सर्वोत्तम खेळाडू ठरला, उन्हाळ्यात बार्सिलोनाहून सुवर्णपदक घेऊन आला. आणि नव्या मोसमाआधी त्याच्याबरोबर खेळायला आम्हाला भीती वाटते असं खेळाडूच जाहीर बोलू लागले. वर ज्यांचं नाव आदराने घेतलंय ते मलोनच त्यात पुढे होते. जॉन्सनला पुन्हा थांबावं लागलं.

नीतीच्या नावाखाली आम्ही लोकांना इतकं घाबरवलं की तपासणीला यायची त्यांना लाज वाटायची. रात्री अंधार पडल्यावर येणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हापासून कुणावर बोट उगारायची वेळ आली की मी एवढंच विचारतो, याने दुसऱ्याचं काय बिघडवलं? मोरांटचं उत्तर मला अवघड जातं. ब्रायंटचं तेवढं अवघड जात नाही.

मांजलपूर पालक

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, मान देतो. पण मोरांटने काही बिघडवलं नाही हे मी मानणार नाही. माझा मुलगा आरशासमोर बोटांची बंदूक करून उभा राहतो. कुठून शिकला?

बारा नंबर

काका, बोटांची बंदूक मी पण करायचो. सिनेमे बघून.

संध्याकाळचा कोच

आज सकाळी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत बोलायला हवं होतं ते त्याच्याशी एकट्याशी बोललो होतो आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. जर्सी घालायची की नाही हे त्याने ठरवावं. पण बंदुकीचं मला काय वाटतं तेही त्याला सांगितलं, ते मत मी बदललेलं नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, मला त्याची उडी आवडते." माझ्याकडे उत्तर नव्हतं, मलाही आवडते.

पोस्टर दुपारी काढलं. फाडलं नाही, गुंडाळून कपाटात ठेवलंय. तिथे आता चौकोनी पांढरा डाग आहे आणि मुलं विचारणारच. चौदाच्या वरच्यांशी सोमवारी बोलायचं ठरवलंय, आधी पालकांना कळवून. कोलोरॅडोची गोष्ट मुलींसमोर कशी सांगायची ते मला खरंच सुचत नाही.

रावपुऱ्याची लेक

सर, सोमवारी मी साडेपाचला येते. मुलींशी मी बोलेन, पण मुलांशी तुम्हीच बोला. तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं.

मांजलपूर पालक

मला हे वय लहान वाटतं. तरी माझ्या मुलाला पाठवतो, मीही येऊन बसेन.