बनावट ‘मी रोबो नाही’ पानावरून कमांड चालली. केंद्रातला पीसी साफ कसा करायचा आणि पुढे जपायचा कसा?

केंद्रचालक_वाई

नमस्कार मंडळी. गावात सेवा केंद्र आहे, पीसी एकच. आय-३ चौथी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम, अँटिव्हायरस म्हणजे विंडोजचा डिफेंडर. दाखल्यांचे अर्ज, सातबारा, पीक विमा, नेट बँकिंग, डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) आणि लोकांच्या पेनड्राइव्हवरून प्रिंट, सगळं याच मशीनवर.

काल अर्जासोबतची पीडीएफ २०० केबीच्या आत बसवायची होती. ऑपरेटरने गुगलवर शोधून सगळ्यात वरची साइट उघडली. ‘मी रोबो नाही’वर टिक केल्यावर पानावर सूचना आली: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्याने तसं केलं. काळी चौकट क्षणभर दिसली आणि गेली. क्विक स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. पण आता उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ अशा पट्ट्या येतायत. शिवाय लोकांच्या पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होण्याचा त्रास आधीपासून आहेच.

पासवर्ड सगळे क्रोममध्ये सेव्ह आहेत. स्कॅन स्वच्छ आहे म्हणजे वाचलो असं समजायचं का? नसेल तर आधी काय करू?

कळफलक

नाही, तसं समजू नका. आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा आणि डीएससी टोकन उपसून बाजूला ठेवा. मशीन साफ करायचं काम उद्यावर गेलं तरी चालेल, खात्यांचं काम आत्ता करा.

टिक केल्याबरोबर त्या पानाने एक कमांड क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर थांबतो त्या जागी) टाकली. विंडोज-आरने रनची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने कमांड तिथे पडते आणि एंटर मारला की पॉवरशेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा तशाच एखाद्या विंडोजच्याच प्रोग्रॅममधून ती चालते. रनची चौकट अरुंद असते. कमांडच्या शेवटी मुद्दाम ‘रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असा मजकूर जोडलेला असतो, आणि चौकटीत तेवढाच शेपटाचा भाग दिसतो. त्यामुळे माणसाला शंका येत नाही. कमांड माणसाने स्वतः चालवली म्हटल्यावर ब्राउझरची डाउनलोडची तपासणीही आडवी येत नाही.

पुढे बहुतेक वेळा उतरतो तो चोरटा प्रोग्रॅम. लुमा हे त्यातलं गाजलेलं नाव. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडली, तरी हा प्रकार थांबलेला नाही. ब्राउझरमधले पासवर्ड, ऑटोफिलमधला मजकूर आणि कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या लॉगिनच्या खुणा) गोळा करायच्या, पाठवायच्या आणि कधी कधी स्वतःला पुसून टाकायचं, हे सगळं थोड्याच वेळात उरकतं. म्हणून नंतरचा स्कॅन स्वच्छ आला तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

कुकीची चोरी पासवर्डच्या चोरीपेक्षा वाईट. लॉगिन झालेल्या अवस्थेची कुकी हाती आली की चोराला ओटीपीही लागत नाही, साइटला तो तुम्हीच वाटतो. तेव्हा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जुनी लॉगिनंही तोडावी लागतात. आपल्या मोबाइलवरून किंवा दुसऱ्या खात्रीच्या मशीनवरून, याच क्रमाने:

आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच रिसेट होतात. गुगल खात्यात ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन पासवर्ड बदला, ‘युअर डिव्हायसेस’मधून हा पीसी आणि अनोळखी यंत्रं साइन-आउट करा, टू-स्टेप चालू करा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ ही दोन पानं बघाच. चोर तिथे नियम लावून ठेवतो, मग बँकेची मेल तुम्हाला दिसायच्या आत त्याच्याकडे जाते. रिकव्हरीचा फोन नंबरही तुमचाच आहे ना ते पाहा.

मग बँक. नेट बँकिंग तात्पुरतं बंद करायला सांगा आणि नवीन लाभार्थी जोडला गेलाय का ते तपासा. त्यानंतर पोर्टलचे लॉगिन, शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून हा पीसी काढा. पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार होतेच, पण फोन आधी. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवायचे असतात.

फॉरमॅट करण्याआधी एक पुरावा घेऊन ठेवा. नेट बंद असतानाच विंडोज-आर दाबा, चौकटीतल्या बाणाने जुन्या नोंदी उघडा. ती कमांड तिथे दिसेल. होम बटणाने सुरुवातीला जा आणि मोबाइलने फोटो काढा. एंटर अजिबात मारू नका, एस्केपने बाहेर या. तक्रारीसोबत तो फोटो उपयोगी पडेल.

नेटवर्क_नाना

कळफलक यांच्याशी सहमत. आता मशीनचं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या पीसीवर बँक आणि डीएससी चालते, तिथे अशी कमांड चालली असेल तर स्कॅन करून वापरत राहायचं नाही, विंडोज नव्याने टाकायचं.

दुसऱ्या स्वच्छ पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा. त्यातून बूट करून जुनी पार्टिशनं डिलीट करा, नुसतं वरवर टाकू नका. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. आधीचं विंडोज डिजिटल लायसन्सने चालू असेल तर लायसन्स त्या मदरबोर्डशी नोंदलेलं असतं, नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

डाटा वाचवताना पीडीएफ, फोटो, एक्सेल, वर्ड एवढंच घ्या. जुन्या इन्स्टॉलर फाइल्स, झिपमधली सॉफ्टवेअर, क्रोमचं प्रोफाइल फोल्डर हे काही घेऊ नका. नाहीतर घाण नव्या घरात येते. बोटांच्या ठशांच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा घेणारं सॉफ्टवेअर), टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर हे त्या त्या कंपनीच्या साइटवरून नव्याने उतरवा. गुगलवर शोधताना ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेला निकाल सोडून द्या. सगळ्यात वर जाहिरात असते, आणि जाहिरात पैसे देऊन कुणालाही लावता येते. तुमच्या ऑपरेटरच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं.

टोकनबद्दल: त्यातली खाजगी किल्ली कॉपी होऊन बाहेर जात नाही, हे बरं. पण टोकन दिवसभर खोचलेलं आणि पिन कीबोर्डवर टाइप होणारी असेल, तर दूरवरून पीसी चालवणाऱ्याला तुमच्या नावाने सही करता येते. स्वच्छ मशीनवर पिन बदला, आणि सही झाली की टोकन काढून ठेवा.

आता रचना. नव्या विंडोजमध्ये तीन खाती करा. एक अ‍ॅडमिन, ज्याचा पासवर्ड ऑपरेटरकडे नसेल आणि जे रोजच्या कामाला वापरायचं नाही. दुसरं ‘काउंटर’ नावाचं स्टँडर्ड खातं, रोजच्या कामाचं. तिसरंही स्टँडर्डच, फक्त बँक आणि डीएससीसाठी. हा चोरटा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनचा हक्क नसला तरी चालतो. ज्या खात्यात चालला त्या खात्याचा ब्राउझर तो लुटतो. पण एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्याच्या फाइली वाचता येत नाहीत. त्यामुळे काउंटरवर काही घडलं तरी बँकेच्या कुकीज तिकडे सुरक्षित राहतात. क्रोममध्ये दोन प्रोफाइल केल्याने हे साधत नाही. ती दोन्ही एकाच विंडोज खात्याखाली असतात, एकदम लुटली जातात. खातं बदलताना ‘स्विच यूजर’ करू नका, साइन-आउट करा.

माउसवाली

दोन गोष्टी राहिल्यात, त्या पट्ट्या आणि पेनड्राइव्ह.

‘५ व्हायरस’वाल्या पट्ट्या म्हणजे व्हायरस नव्हे. कुठल्या तरी साइटने ‘अलाउ’ दाबायला लावून नोटिफिकेशनची परवानगी घेतलीय. क्रोम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगीच्या यादीतली अनोळखी नावं काढा आणि वर ‘साइट्सना परवानगी मागू देऊ नका’ हा पर्याय निवडा. सेवा केंद्राच्या कुठल्याही कामाला ब्राउझरच्या नोटिफिकेशन लागत नाहीत. फॉरमॅटनंतर क्रोममध्ये लॉगिन करून सिंक केलंत तर जुनी सेटिंग आणि एक्स्टेन्शन परत येऊ शकतात, म्हणून हे पान पुन्हा बघा.

आता पेनड्राइव्ह. फोल्डरचे शॉर्टकट होतात तेव्हा मूळ फाइल्स गेलेल्या नसतात. व्हायरस त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन्ही खुणा लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट वर ठेवतो. तो उघडला की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. ‘हिडन आयटम्स’ची टिक लावून भागत नाही. व्ह्यू, ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. कधी कधी एक बिननावाचा फोल्डर दिसतो, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. सगळा डाटा त्यात असतो. तिथून हव्या त्या पीडीएफ उचला. शॉर्टकटवर डबल-क्लिक करायचं नाही.

‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ची टिक कायम चालू ठेवा, म्हणजे ‘आधार डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असली फाइल उघडी पडते. पण शॉर्टकटचं एक्स्टेन्शन ही टिक लावूनही दिसत नाही, विंडोज ते लपवतंच. त्याची ओळख म्हणजे चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा बाण आणि ‘टाइप’ रकान्यातला ‘शॉर्टकट’ शब्द. पेनड्राइव्ह नेहमी ‘डिटेल्स’ व्ह्यूमध्ये बघायची सवय लावा.

एक बारकावा फार जणांना माहीत नसतो. नेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आलीय’ अशी अदृश्य खूण लावतं. स्मार्टस्क्रीनचा (विंडोजची अनोळखी फाइलींची तपासणी) इशारा आणि वर्ड-एक्सेलमधला मॅक्रोचा (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रॅमचा) अडसर या खुणेवर चालतात. ही खूण एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह सहसा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतात, तिथे फाइल गेली की खूण पुसली जाते. म्हणजे नेटवरून थेट आलेली जी फाइल विंडोजने अडवली असती, तीच पेनड्राइव्हवरून आली की गुपचूप उघडते. म्हणून ड्राइव्ह लावल्यावर आधी त्यावर राइट-क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’, मगच उघडायचा.

संशयास्पद फाइल व्हायरस-टोटलवर (फाइल तपासून देणारी साइट) टाकून बघता येते, पण ग्राहकांचे आधार, पॅन, बँक पासबुक तिथे कधीही टाकू नका. चढवलेली फाइल तिथल्या इतर सदस्यांनाही उतरवता येते. अनोळखी पीडीएफ साइटचंही तसंच: लोकांची कागदपत्रं कुठल्या सर्व्हरवर पडली ते कळायला मार्ग नाही. पीडीएफ-२४ क्रिएटर पीसीवर टाका, जोडणं आणि लहान करणं नेटशिवाय होतं. फोटो लहान करायला पेंटमधला ‘रिसाइझ’ पुरतो.

केंद्रचालक_वाई

खूप आभार. जीमेलच्या फिल्टरमध्ये खरंच एक अनोळखी नियम होता, काढला. सगळ्या यंत्रांवरून साइन-आउट केलं, बँकेलाही कळवलं. लाभार्थी नवीन नाही. आता अजून तीन शंका: विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का, विंडोज १० पुन्हा टाकणं शहाणपणाचं का, आणि धोकादायक साइट आधीच अडवता येतात का?

नेटवर्क_नाना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘विंडोज अपडेट’मध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात, त्यासाठी आवृत्ती २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. ही सोय घरगुती वापरासाठी आहे आणि मुदतीची आहे, त्यावर केंद्र चालवायचं ठरवू नका. तुमचं चौथ्या पिढीचं मशीन विंडोज ११ ला पात्र नाही, तिथे इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं. युक्त्या करून टाकता येतं, पण कामाच्या पीसीवर नको. शक्य असेल तर आठव्या पिढीपुढचा वापरलेला पीसी मुख्य कामाला घ्या. जुन्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून तो फक्त लोकांच्या पेनड्राइव्ह आणि प्रिंटसाठी ठेवा. शॉर्टकटवाले व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात, मिंटवर त्या फाइली नुसत्या पडून राहतात. तुमच्या प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर आहे ना, ते आधी बघा.

साइट अडवायला राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदला: ९.९.९.९ आणि दुसरा १४९.११२.११२.११२. ही क्वाड-नाइनची फुकट सेवा, माहीत असलेल्या घातक डोमेनचा पत्ताच देत नाही. राउटर बदलू देत नसेल तर पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये टाका. क्रोममध्ये ‘यूज सिक्युअर डीएनएस’खाली दुसरी सेवा निवडलेली असेल तर हे वळसा घालून जातं, ते तपासा. आज सकाळीच नोंदलेलं डोमेन मात्र यातूनही सुटू शकतं.

कळफलक

अँटिव्हायरसबद्दल: घ्यायचा तर एकच, आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण. दोन एकत्र टाकले की मशीन रखडतं. माझ्या मते तुमच्या पैशांची जास्त गरज नव्या पीसीला आहे. डिफेंडर नीट लावला तर चालतो. विंडोज सिक्युरिटीत ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मधलं ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ पूर्ण चालू करा. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ (डिफेंडर परस्पर बंद करू न देणारं) चालू हवं. ‘एक्सक्लूजन्स’ची (स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींची) यादी रिकामी आहे का बघा. क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना तिथेच भोक पाडलं जातं. मराठी टायपिंगसाठी क्रॅक शोधायची गरजच नाही: विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत.

जाहिराती अडवायला क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन. तुमच्या ऑपरेटरसमोरचं पान जाहिरातीतूनच आलं असेल तर तो निकाल यादीत दिसलाच नसता.

ऑपरेटरला पत्ता वाचायला शिकवा. ‘एचटीटीपीएस’ला लागून असलेल्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेपाशी थांबायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. ‘महाभूमी.गव्ह.इन.अमुक.कॉम’ ही साइट सरकारची नाही, अमुक.कॉमची आहे. सरकारी पत्ता गव्ह.इन किंवा निक.इनवर संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक.इनवर जायला सांगितलं होतं, तो शेवट बघा. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या मध्ये कुणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलाय ते त्यातून कळत नाही.

आणि मॉनिटरला एक चिठ्ठी लावा: ‘कुठल्याही साइटने विंडोज बटण दाबायला, काही पेस्ट करायला किंवा एनीडेस्क (दूरवरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं तर टॅब बंद करून मालकाला हाक मारायची.’ हीच चाल आता रनऐवजी फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करायला लावूनही करतात, म्हणून चिठ्ठीत नुसतं ‘विंडोज-आर’ लिहू नका.

माउसवाली

एक भर: नव्या विंडोजवर क्रोमचं ‘ऑफर टू सेव्ह पासवर्ड्स’ दोन्ही स्टँडर्ड खात्यांत बंद करा, आणि केंद्राच्या फाइलींची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप लावतं.