मदत हवी आहे: फोर्कमध्ये १३० मिमी पातळीवर तेल भरलं, तरी फोर्क अर्ध्यावर अडतोय

धोंड्यावरचा_धोंडू
नमस्कार मंडळी. काल फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, ऑइल बदललं. १०डब्ल्यू जाडीचं, पातळी १३० मिमी, फोर्कच्या दोन्ही पायांत (नळ्यांत) अगदी सारखी. आता पुढून दाबलं की फोर्क अर्ध्यापर्यंत मऊ जातो आणि मग एकदम दगड. डावं सीलही पाझरतंय, आणि ही सीलं मागच्याच महिन्यात नवी टाकलीत. तेल आणखी पातळ घालू का? रविवारी ट्रायल आहे, जरा लवकर सांगा.

टू_स्ट्रोक_तात्या
गाडी कुठली, साल कुठलं, काहीच नाही. वैद्याकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणायचं, तसं झालं हे.

रंकाळ्याचा_राजा
रविवारी ट्रायल म्हणजे गिऱ्हाईक येतंय का गाडी बघायला? मग सध्या शॉकअप नुसता पुसून ठेवा. लोक आधी टाकी आणि सायलेन्सर बघतात.

धोंड्यावरचा_धोंडू
अहो, विकत नाहीये! ट्रायल्स, स्पर्धा असते ती. मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. इकडे दगडधोंडे, ओढे, चिखलाचे चढ यांतून आखलेल्या वाटेनं जायचं. वेगाला किंमत नाही. पाय एकदा टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त वेळा कितीही टेकला तरी ३, आणि पडलात किंवा वाट सोडलीत तर ५. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकतो. गाडी यामाहा टीवाय १७५, सत्तरच्या दशकातली, मागे दोन शॉक. आता तेलाचं सांगा.

टू_स्ट्रोक_तात्या
वा, टीवाय! मग १०डब्ल्यू काढून एटीएफ घाल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. मी आरएक्स १०० ला वीस वर्षं तेच घालतोय, एक सील गेलं नाही.

मिलीमीटर_मावशी
तात्या, एटीएफ चालतं, वाद नाही. पण फोर्क अर्ध्यावर *अडतोय*, आणि ते काही तेल जाड असल्यानं होत नाही. जाड तेलानं हालचाल सुस्त होते. हळूहळू दाबलं तर जाड तेलातही फोर्क खालपर्यंत जातोच.

धोंडू, १३० मिमी कुठून कुठपर्यंत मोजलंस? स्प्रिंग आत होती की बाहेर? मोजताना फोर्क पूर्ण दाबलेला होता की ताणलेला? आणि एका पायात किती मिली गेलं?

धोंड्यावरचा_धोंडू
स्प्रिंग बाहेर काढूनच मोजलं, तेवढं कळतं मला. पाइपच्या वरच्या काठापासून तेलापर्यंत. गाडी स्टूलवर चढवलेली, पुढचं चाक अधांतरी. मिली मोजले नाहीत, पण लिटरच्या बाटलीत आता ४०० उरलंय.

मिलीमीटर_मावशी
चाक अधांतरी म्हणजे फोर्क पूर्ण ताणलेला. आणि एका पायात ३०० मिली! तुझ्या मॅन्युअलमध्ये किती लिहिलंय?

धोंड्यावरचा_धोंडू
बरंच कमी. मला वाटलं छपाईची चूक. १३० चा आकडा एका व्हिडिओतला आहे.

रंकाळ्याचा_राजा
व्हिडिओवाला पण हीच गाडी उघडत होता ना?

धोंड्यावरचा_धोंडू
... नाही. त्याची नवी होती.

मिलीमीटर_मावशी
सापडलं मग. पातळी मोजतात ती स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना. वर उरते ती हवेची पोकळी, आणि ही हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखी काम करते. ढोबळ हिशेब सांगते. दाबलेल्या अवस्थेत पोकळी १५० मिमी आणि फोर्कची चाल १५० मिमी धरली, तर ताणलेल्या फोर्कमध्ये ३०० मिमी हवा असते. फोर्क खाली बसेपर्यंत ती निम्मी होते, म्हणजे दाब दुप्पट. तू पोकळी १०० च ठेवलीस तर २५० ची १०० होते, म्हणजे अडीचपट. शेवटाला फोर्क कडक होतो तो यामुळे.

तू १३० ठेवलेस ताणलेल्या अवस्थेत. वरून स्प्रिंग घातलीस, तिनंही जागा खाल्ली. फोर्क दबत गेला, हवा संपली, राहिलं नुसतं तेल. तेल काही दबत नाही. मग ते सीलमधून वाट काढणारच. सीलला दोष देऊ नकोस.

टू_स्ट्रोक_तात्या
मावशी, एवढं गणित? आम्ही मॅन्युअलप्रमाणे मिली मोजून ओततो, संपलं काम.

मिलीमीटर_मावशी
फोर्क सुटा करून, धुऊन, कोरडा केलात तर मिली बरोबर. पण खालचा ड्रेन स्क्रू उघडून तेल सोडलंत तर थोडं आत राहतंच, आणि दोन्ही पायांत सारखंच राहील याचा भरवसा नाही. पाइपचा आतला व्यास ३० मिमी धरला तर १० मिमी पातळी म्हणजे जेमतेम ७ मिली. एवढा फरक ड्रेननं सहज पडतो. म्हणून शेवटी पट्टी लावायचीच.

आणि १०डब्ल्यूचं म्हणाल, तर दोन कंपन्यांचं १०डब्ल्यू सारखं नसतं. बाटलीमागे ४० अंशांना सेंटिस्टोक्स, म्हणजे तेलाची खरी जाडी, किती ते बघा.

टू_स्ट्रोक_तात्या
बाटलीमागचं वाचायला चष्मा लागतो. एटीएफला लागत नाही.

सह्याद्री_ऑफरोड
मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवता? पकड सगळी तिथून मिळते.

धोंड्यावरचा_धोंडू
मागे ४, पुढे ५-६ पीएसआय.

सह्याद्री_ऑफरोड
चार?? आमच्याकडे चार पीएसआय दिसलं की पंक्चरवाल्याला फोन करतात.

रंकाळ्याचा_राजा
आरएक्स १०० चा विषय निघालाच आहे तर, १९९६ ला बंद झालेली गाडी आज लोक काय भावानं विकतायत बघा...

धोंड्यावरचा_धोंडू
मंडळी, आरएक्सचा वेगळा धागा काढा ना. मावशी, आता करू काय नेमकं?

मिलीमीटर_मावशी
फोर्क काढ आणि सरळ उभा धर. गाडीवर तो तिरका असतो, मोजमाप चुकतं. झाकण उघडताना तोंड बाजूला, स्प्रिंग उसळते. आधी निम्मं तेल ओतून बाहेर काढ, नाहीतर दाबताना कारंजं उडेल. मग पाइप सावकाश दहा-पंधरा वेळा वरखाली कर, आत अडकलेली हवा निघू दे. दहा मिनिटं थांब. फोर्क पूर्ण दाबून पातळी बघ. १५० पासून सुरुवात कर. आपटून खाली बसला तर ५ मिमी वर आण, एका वेळी त्याहून जास्त नको. ५० मिलीच्या सिरिंजला नळी लाव, नळीचं टोक १५० वर धर आणि वरचं तेल ओढून घे. सिरिंजमध्ये हवा यायला लागली की पातळी आली.

धोंड्यावरचा_धोंडू (शनिवार)
केलं. एकेका पायातून जवळजवळ १५० मिली निघालं! फोर्क आता खालपर्यंत जातो. फळीवरून उतरवून बघितलं, शेवटाला थोडा टेकतो, म्हणून १४५ केलंय. पण डावं सील पुसलं की दहा मिनिटांत परत ओलं. आता उद्या सकाळी नवीन सील कुठून आणू?

टू_स्ट्रोक_तात्या
नवीन कशाला? डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारं वरचं सील, वर सरकव. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरव. अडकलेला चिखल बाहेर येतो, बऱ्याचदा गळती थांबते.

धोंड्यावरचा_धोंडू
तात्या, फिल्म आता कुठे मिळणार?

टू_स्ट्रोक_तात्या
पाण्याच्या बाटलीची काप. कडा घासून घे मात्र, नाहीतर ओठ कापशील आणि मावशी माझ्यावर घसरेल.