जुन्या गाडीचं सेंट्रल लॉकिंग: तुमच्याकडे काय बिघडलं होतं, कसं सापडलं?

घोडबंदरकर
२०११ ची सेकंडहँड हॅचबॅक घेतलीये, इंजिन मस्त, एसी मस्त, पण सेंट्रल लॉकने नुसता वैताग आणलाय. रिमोट दाबला की तीन दारं लागतात आणि मागचं डावं दार नुसतं टक करून उघडंच राहतं. कधी कधी तर लॉक झालेली सगळी दारं दोन सेकंदात आपली आपण परत उघडतात. मानपाड्याला एका दुकानात दाखवलं तर त्याने दाराला हातही न लावता सांगितलं, पूर्ण किट बदला साहेब. म्हणून म्हटलं आधी ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारावं. काय बिघडलं, कसं शोधलं, कितीला पडलं, सगळं लिहा.

ऐरोलीचा
किट अजिबात बदलू नका. आधी कान द्या. टक आवाज येतोय म्हणजे त्या दारापर्यंत करंट पोचतोय, दारातली लॉकची मोटर दमलीये नाहीतर तिला लॉकशी जोडणारा रॉड कुठेतरी अडकतोय. आवाजच येत नसेल तर वायर किंवा कनेक्टर बघायचा.

माझ्याकडे ड्रायव्हरच्या दाराची वायर होती. दार आणि बॉडीच्या मध्ये बिजागरीपाशी तो काळा रबरी पाइप असतो ना, त्यातून सगळ्या वायरी जातात आणि दार उघडलं-लावलं की दर वेळी तिथेच वाकतात. दहा-बारा वर्षांत आतली तांब्याची तार तुटते पण वरचं प्लास्टिक शाबूत, त्यामुळे बघून काही कळत नाही. ओळखायची खूण म्हणजे दार अर्धं उघडं असताना लॉक चालतं आणि पूर्ण लावलं की बंद, आणि बऱ्याचदा त्याच दाराची पॉवर विंडो किंवा स्पीकरही मध्येच रुसतो. रबर सरकवून एकेक वायर हलकेच ओढायची, तुटलेली असेल ती रबरासारखी ताणली जाते. जोडताना पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्याला तिथेच थांबवा, पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही ते. मऊ वायरचा नवा तुकडा टाकून सोल्डर करायचं, वर हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब.

नेरुळची
आमच्याकडे उलट. चावी दारात फिरवली की चारही दारं व्यवस्थित लागायची, रिमोटने मात्र काहीच नाही. नवरा म्हणे मोटरी गेल्या. अरे, चावीने चारही लागतायत म्हणजे मोटरी ठणठणीत आहेत की! सेल बदलला, फरक नाही. शेवटी स्टेशनजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याने रिमोट उघडला तर बटणाचं सोल्डर सुटलेलं, पाच मिनिटांचं काम. सेल बदलताना त्यावरचा नंबर बघून घ्या, २०३२ च्या जागी २०१६ बसतो खरा पण पातळ असल्यामुळे सैल राहतो आणि मग रिमोट कधी चालतो कधी नाही.

कळवा नाका
फ्यूज बघितला का कुणी? माझ्या गाडीत आतल्या दिव्याचा आणि लॉकचा फ्यूज एकच होता. दिवा गेला म्हणून बल्ब बदलत बसलो होतो आम्ही. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो.

खारघरवाला
पावसाळ्याचं सांगतो. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं दाराच्या खालच्या कडेला असतात, चिखलाने बुजली की दारात पाणी साठतं, गाडी वळवताना डबडब आवाज येतो. माझ्या आधीच्या मालकाने स्पीकर बसवून घेताना दाराच्या आतल्या पॅडच्या मागची प्लास्टिक शीट फाडून तशीच ठेवली होती, त्यामुळे पाणी आत कार्पेटवर. मोटरचा कनेक्टर हिरवा पडलेला. साफ करून शीट चिकटपट्टीने नीट बसवली आणि भोकं तारेने मोकळी केली. आपल्याकडे खाडीची हवा, गंज लवकर धरतो, हे दर मे महिन्यात करून टाका.

वागळे इस्टेट, ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो
घोडबंदरकर, तुमच्याकडे दोन वेगळे फॉल्ट दिसतायत. बेस मॉडेलला बाहेरून बसवलेलं किट असेल तर ड्रायव्हरच्या दारात साधारणपणे पाच वायरची मोटर असते आणि बाकी दारांत दोन वायरची. पाचवाल्यात आत स्विच असतो, तो किटच्या कंट्रोल युनिटला सांगतो लॉक की अनलॉक. रॉडचा स्क्रू ढिला झाला की मोटर पूर्ण स्ट्रोक मारत नाही, स्विच अर्ध्यात लटकतो आणि युनिट गोंधळून सगळं परत उघडतं. तुमचं आपोआप उघडणं बहुतेक तेच. बहुतेक म्हणतोय, बघितल्याशिवाय शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

मागचं दार: दोन वायरवर एकदा सरळ एकदा उलटा १२ व्होल्टचा झटका येतो, सेकंदभरही टिकत नाही, म्हणून मीटरवर कधी कधी पकडता येत नाही, टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा छोटा दिवा) लावा. लॅम्प चमकला आणि मोटर हलली नाही तर मोटर गेली. रिमोट सारखा सारखा दाबून बघू नका, मोटर तापते. आणि बॅटरी मरायला आली असेल तरी लॉक असेच अर्धवट लागतात, आधी ती चेक करा.

पनवेल
थोडं अवांतर पण महत्त्वाचं. सेकंडहँड घेतली की चावी दारात घालून फिरते का ते आजच बघा. आमच्या काकांची गाडी वर्षानुवर्षं रिमोटवरच, बॅटरी उतरली त्या दिवशी चावीचं लॉक जाम, चारही दारं बंद आणि बॉनेटचा खटका आतमध्ये! दारात ग्रॅफाइटची पूड घालत जा, तेल नको, धूळ धरतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या दाराचं पॅड काढलं. रॉड हाताने अगदी मोकळा चालतोय, लॅम्प चमकतो, मोटर नुसती थरथरते. काही शे रुपयांची दोन वायरची मोटर टाकली, दार लागायला लागलं. ड्रायव्हरच्या बाजूचा स्क्रू खरंच ढिला होता, तो आवळला, पण उघडायचा प्रकार अजून अधूनमधून होतोच, तेव्हा आता ती पाच वायरवाली उघडून बघतो. पॅडच्या जुन्या क्लिपा मात्र वाळून बिस्किटं झालेल्या, काढताना निम्म्या तुटल्या. ठाण्यात सुट्या क्लिपा कुठे मिळतील?