मदत हवी आहे : बहिणीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, डिचोलीजवळ नेहमीचा डॉक्टर हवा

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझी धाकटी बहीण २६ वर्षांची, ट्रान्सजेंडर आहे. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम कमी करणारी गोळी) सुरू केलं. ते दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. चतुर्थीला घरी आली ती इथेच राहिली, आणि तेव्हापासून तपासणी नाही.

गेल्या आठवड्यात तिला उन्हाळी लागली. आईने रोज दोन-दोन शहाळी दिली, तरी लघवीची जळजळ थांबेना म्हणून दवाखान्यात गेलो. आधार कार्डावर जुनं नाव. बाकांवरच्या सगळ्यांसमोर ते दोनदा पुकारलं. ती मान खाली घालून आत गेली आणि डॉक्टरांनी "कसल्या गोळ्या चालू आहेत का?" विचारल्यावर "नाही" म्हणाली. मी शेजारी होते, मीही गप्प बसले. ते मला अजून खातंय.

डॉक्टरांनी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं. नशीब, स्पायरोनोलॅक्टोनही त्याच फार्मसीत मागितलं. फार्मासिस्ट म्हणाला, दोन्ही एकत्र नको, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं हे तेव्हा कळलं! मग डॉक्टरांना फोनवर खरं सांगितलं, त्यांनी लगेच औषध बदललं. आता बरी आहे.

पण सर्दी-ताप, रक्तदाब, नेहमीच्या रक्ततपासण्या यांसाठी एकच डॉक्टर हवा. डिचोली, साखळी, म्हापसा भागात कुणाला चांगला अनुभव आहे का? पहिल्या भेटीत किती सांगायचं? ती म्हणते, "ताई, खोकल्यासाठी गेले तरी सगळं आयुष्य विचारतात."

प्रतिसाद
ताई, मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. आधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) तपासून घ्या, ते लांबणीवर टाकू नका. लॅबच्या फॉर्मवर इस्ट्रोजेन चालू असल्याचं लिहा, कारण हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनची मर्यादा स्त्री-पुरुषांची वेगळी छापतात आणि रिपोर्ट वाचताना घोळ होतो.

डॉक्टरांना गोळ्यांची नावं, डोस, कधीपासून, आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास कुठली, एवढं सांगा. खोकल्यासाठी याहून जास्त कुणी विचारू नये. केसपेपर काढतानाच खिडकीवर हळू सांगा, "फक्त आडनाव पुकारा." आमच्याकडे असं सांगणारे येतात, आम्ही तसं करतो. उपचारात भेदभाव करायला ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने मनाई आहे, पण बहुतेकदा तिथवर जावं लागत नाही.

हार्मोनसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे, पुण्याचे जुने रिपोर्ट घेऊन जा. आणि एक पाय सुजून दुखला किंवा अचानक धाप लागली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. इस्ट्रोजेनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. ती सिगरेट ओढते का?

धागाकर्ती
ओढायची, गेल्या वर्षी सोडली. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जातोय, फॉर्म ती स्वतः भरणार म्हणते. डॉक्टरांची नावं कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.