मदत हवी आहे: बोलका आणि अबोल, दोघांचं टार्गेट कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. सांगलीत कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरच्या पॅकिंग युनिटची टीम सांभाळतो. मार्केट यार्डात नवीन हळद यायला लागली की कामाचा रेटा वाढतो, त्याआधी टार्गेट ठरवायची आहेत.

अडचण स्वभावांची आहे. विक्रीचा मुलगा मीटिंगमध्ये सगळ्यात आधी मोठा आकडा सांगतो. फळ्यावर नाव दिसलं की त्याला हुरूप येतो. पॅकिंगच्या ताई चारचौघांत "बघू की" एवढंच म्हणतात. पण संध्याकाळी रजिस्टर घेऊन शेजारी बसलं, की कुठल्या मशीनचं सीलिंग सुटतंय, कुठली पाकिटं परत येतायत, सगळं नेमकं सांगतात. फळ्यावर नाव आलं की मात्र त्यांना दडपण येतं.

१९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी मांडलेली 'स्मार्ट' पद्धत आम्ही वापरतो. उद्दिष्ट नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं हवं, हे पटतंच. पण ते कुणाशी कसं बोलून ठरवायचं?

टीमचा आकडा एकच ठेवून प्रत्येकाशी वेगळं बसावं, असं मला वाटतं. मग "त्यांना वेगळा न्याय का?" ही कुजबुज कशी टाळायची? आणि आढावा सगळ्यांसमोर घ्यावा की एकेकट्याचा? छोटी टीम सांभाळणाऱ्यांनी प्लीज सविस्तर सांगा.